गडावरील सहल : शिक्षकाची पूर्वभेट व पाठाचे टाचण



दिवाळीची सुटी संपून दुसरे सत्र सुरू झाले की सहलींच्या परवानगीचे अर्ज माझ्या टेबलावर येऊ लागतात. स्थळ, तारीख, विद्यार्थिसंख्या, सोबत जाणाऱ्या शिक्षकांची नावे, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, पालकांची संमतिपत्रे, ही सर्व माहिती बहुधा व्यवस्थित जोडलेली असते. ‘सहलीचा हेतू’ या रकान्यात मात्र एकच ठरीव वाक्य आढळते : विद्यार्थ्यांस ऐतिहासिक स्थळाची माहिती व्हावी. एका अर्जात तर वाई, पाचगणी, महाबळेश्वर, प्रतापगड आणि परतताना सज्जनगड असा एकाच दिवसाचा क्रम लिहिलेला होता. पुढे त्या शाळेच्या भेटीत चौथीच्या एका मुलास मी विचारले, “प्रतापगडावर काय पाहिलेस?” तो प्रामाणिकपणे म्हणाला, “खूप बस होत्या.” पसरणीच्या घाटात आणि आंबेनळीच्या घाटात गाडी लागून निम्मी मुले मलूल झाली होती, हेही त्याच्याकडूनच कळले.

दोष त्या मुलाचा नाही. दिवसाकाठी पाच स्थळे पाहणाऱ्यास शेवटी गाड्याच लक्षात राहावयाच्या. यास्तव या लेखात एकाच गोष्टीचा आग्रह धरावयाचा आहे. सहलीसाठी एकच गड निवडावा, तो शक्य तितका जवळचा असावा, आणि मुलांस नेण्यापूर्वी शिक्षकाने त्या गडावर एकदा स्वतः जाऊन यावे.

हा आग्रह मला पुस्तकातून मिळालेला नाही. सुमारे तीस वर्षांपूर्वी मी एका दोनशिक्षकी शाळेत नव्यानेच रुजू झालो होतो. त्या हिवाळ्यात आम्ही ४२ मुले घेऊन एका गडावर सहल नेली. गड मी पूर्वी पाहिलेला नव्हता, वाचलेला होता, आणि तेवढे पुरे आहे अशी माझी समजूत होती. वर टाक्यात पिण्याजोगे पाणी मिळते असे कोणीसे सांगितले, म्हणून मुलांजवळ थोडेच पाणी दिले. टाक्यात शेवाळ होते. दुपारी दोनच्या सुमारास सर्वांच्या बाटल्या रिकाम्या झाल्या. उतरताना दरवाजात मुले मोजली, ती ४१ भरली. तिसरीतील एक मुलगी नव्हती. आम्ही वर धावलो, हाका मारल्या, प्रत्येक पडक्या भिंतीमागे पाहिले. गडास मागील अंगाला दुसरा दरवाजा आहे आणि त्यातून एक पायवाट खाली उतरते, हे मला ठाऊकच नव्हते. पाणी शोधीत ती मुलगी त्या वाटेने निघाली होती. दीड तासाने एक गुराखी तिचे बोट धरून तिला घेऊन आला. तिला साधे खरचटलेलेही नव्हते. त्याच संध्याकाळी तिच्या घरी जाऊन मी घडलेले सर्व तिच्या वडिलांस सांगितले. ते रागावले नाहीत. त्यांनी मला चहा पाजला. पुढल्या वर्षी सहलीच्या वेळी तिच्या धाकट्या भावाचे संमतिपत्र आले नाही. ते का आले नाही हे विचारावयास मी गेलो नाही. विचारण्याचे कारणच नव्हते.

त्यानंतर पूर्वभेटीवाचून मी एकही सहल नेलेली नाही.

आता गडाच्या निवडीविषयी. सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांत बहुतेक तालुक्यांच्या जवळ एखादा गड आहेच. वाईकडे पांडवगड व वैराटगड, पाटणकडे तलवारीच्या आकाराच्या विहिरीचा दातेगड, कराडकडे सदाशिवगड आणि तळबीडचा वसंतगड आहे. वाळवा तालुक्यात मच्छिंद्रगड आहे. खानापूर तालुक्यात बाणूरगड म्हणजेच भूपाळगड आहे. तो १६७९ मध्ये दिलेरखानाने घेतला होता. प्रतापगडाचा समावेश जुलै २०२५ मध्ये इतर अकरा किल्ल्यांसह जागतिक वारशाच्या यादीत झाला, ही आपणा सर्वांस अभिमानाची गोष्ट होय. तथापि त्यामुळे प्रत्येक शाळेने तेथेच गेले पाहिजे असे नाही. जवळच्या गडास खर्च अल्प येतो. हा मुद्दा मी हिशेबाच्या दृष्टीने मांडीत नाही. वर्गणी जास्त असली की वर्गातील चार-पाच मुले “मला यायचे नाही” असे म्हणतात आणि आपण ते खरे मानतो. ऊसतोडीला आलेल्यांची, शेतमजुरांची मुले त्यात हमखास असतात. चालत जाण्याजोग्या किंवा एस. टी. ने अर्ध्या तासात पोहोचण्याजोग्या गडावर ही मुलेही येतात. एस. टी. महामंडळाकडून शालेय सहलींस भाड्यात सवलत मिळते; त्यासाठी मुख्याध्यापकांचे पत्र घेऊन आगारात लवकर जावे. डिसेंबर-जानेवारीत गाड्यांस फार मागणी असते.

उदाहरणादाखल मी येथे अजिंक्यतारा घेतो. सातारा शहराच्या डोक्यावरच तो उभा आहे आणि दरवाजापर्यंत रस्ता गेलेला आहे. रस्ता असला तरी मोठी गाडी खालीच ठेवावी व मुलांस चालवीत न्यावे, असे मी सुचवीन. जो गड चढून गेला नाही त्यास गड म्हणजे काय हे कळत नाही.

पूर्वभेटीस जाताना एक वही, घड्याळ व मोजपट्टी बरोबर घ्यावी. पायथ्यापासून दरवाजापर्यंत आपणास किती वेळ लागला ते लिहावे आणि लहान मुलांसाठी त्याची दीडपट धरावी. सावली कोठे आहे, साठ मुले एकत्र बसून शिदोरी खाऊ शकतील अशी सपाट जागा कोणती, मुलींच्या सोयीची व्यवस्था कोठे होईल, भ्रमणध्वनी कोठे लागतो व कोठे लागत नाही, हे सर्व टिपावे. अजिंक्यताऱ्यास मुख्य दरवाजाखेरीज दक्षिणेकडेही दरवाजा आहे. तेथवर स्वतः जाऊन यावे. तटाच्या ज्या भागावर कठडा नाही तो भाग नकाशात तांबड्या रेघेने दाखवावा. हिवाळ्यात तटाच्या कडेने वाळलेले गवत कमरेएवढे असते आणि कडा कोठे संपतो ते त्यामुळे दिसत नाही. बुरुजाच्या किंवा कड्याच्या कपारीत आग्यामोहोळ आहे काय हेही पाहावे. असल्यास त्या बाजूस मुलांस मुळीच नेऊ नये. तेथे धूर, फटाके, आरडाओरडा आणि अंगास लावलेले अत्तर ही सर्व संकटास आमंत्रणे होत. तळी व टाकी किती खोल आहेत याची चौकशी करावी. गडावरील पाणी पिण्यासाठी आहे असे कधीही गृहीत धरू नये. प्रत्येक मुलाजवळ किमान दीड लिटर पाणी खालूनच असावे.

आता पाठाकडे वळू. अध्यापक विद्यालयात आपण सर्वांनी हर्बार्टच्या पायऱ्यांनी टाचणे काढलेली आहेत. त्या पायऱ्या आज पुष्कळांस जुन्या वाटतात. परंतु सहलीस त्यातील पहिली पायरी, पूर्वतयारीची, आजही चुकत नाही. आपल्या मुलांजवळ पूर्वज्ञानाचे एक भांडार असते आणि आपण त्याचा उपयोगच करीत नाही. ते म्हणजे दिवाळीतला किल्ला. दगडमातीचा डोंगर, वर अळीव पेरून उगवलेली हिरवळ, प्लास्टरचे मावळे, शिखरावर सिंहासनस्थ महाराज, हे सर्व मुलांनी स्वतःच्या हातांनी केलेले असते. सहलीच्या आधीच्या आठवड्यात शाळेच्या आवारात असा एक किल्ला पुन्हा करावयास सांगावा आणि मग एकच प्रश्न विचारावा : “या गडावरची माणसे पाणी कोठून पितात?” माझा अनुभव असा की बहुतेक मुले पायथ्याशी केलेल्या तळ्याकडे बोट दाखवितात. “आणि पायथ्याशी शत्रू बसला असेल तर?” येथे वर्गात जी शांतता पसरते, तीच आपल्या सहलीचे खरे हेतुकथन होय. उत्तर वर्गात देऊ नये. ते गडावर शोधावयाचे आहे.

अजिंक्यताऱ्याचा इतिहास मोठा आहे. शिलाहार राजा दुसरा भोज याने तो बाराव्या शतकाच्या अखेरीस बांधला असे मानतात. पुढे तो बहमनी व आदिलशाही अमलाखाली होता. १५८० मध्ये चांदबिबीस येथे कैदेत ठेवले होते. १६७३ मध्ये शिवाजी महाराजांनी तो घेतला. १७०८ च्या जानेवारीत शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यास झाला. १८१८ मध्ये गड इंग्रजांच्या हाती गेला. हे सर्व एका दुपारी सांगू लागल्यास मुले तटावरून खाली पाहू लागतात. म्हणून एकच प्रसंग निवडावा आणि तो जेथे घडला तेथे उभे राहून सांगावा. माझ्या मते तो प्रसंग १६९९-१७०० च्या वेढ्याचा असावा.

डिसेंबर १६९९ मध्ये औरंगजेब स्वतः सैन्यासह साताऱ्यास आला. गडाचा बचाव प्रयागजी प्रभू करीत होते. तोफांनी तट ढासळेना, म्हणून मोगलांनी तटाखाली सुरुंग खणले. ईशान्येकडील कोपऱ्याजवळ तटाची एकूण उंची सुमारे ६७ फूट, पैकी ४२ फूट अखंड खडक व वरचे बांधकाम, असे ग्रँट डफने लिहून ठेवले आहे. हा गृहस्थ १८१८ ते १८२२ पर्यंत साताऱ्यास रेसिडेंट होता; तेव्हा त्याने ती जागा स्वतः पाहिली असणारच. बांधकाम किती फूट, हे मुलांनीच वजाबाकीने काढावे. १३ एप्रिल १७०० रोजी दोन सुरुंग उडविण्यात आले. पहिल्याने तट आत कोसळला व गडावरील पुष्कळ लोक चिरडले गेले. स्वतः प्रयागजी ढिगाऱ्याखाली गाडले गेले आणि पुढे जिवंत बाहेर निघाले. दुसरा सुरुंग मात्र उलटा, बाहेरच्या अंगास उडाला, आणि चढाईसाठी पुढे सरसावलेले मोगल सैनिक त्या दगडांखाली मारले गेले. त्यांची संख्या दोन हजारांहून अधिक होती असे सांगतात. तट फुटला, तरी त्या दिवशी गड पडला नाही.

गड पडला तो आठ दिवसांनी, २१ एप्रिल रोजी, तहाने. धान्य संपत आले होते, आणि त्याच्या आधीच्या महिन्यात सिंहगडावर राजाराम महाराजांचे निधन झाले होते. औरंगजेबाने शाहजादा आझमशहा याच्या नावावरून गडास आझमतारा हे नाव दिले. थोड्याच वर्षांत मराठ्यांनी तो परत जिंकला आणि अजिंक्यतारा हे नाव त्यानंतर रूढ झाले.

येथे एखादा हुशार मुलगा हमखास विचारतो, “गुरुजी, अजिंक्य म्हणजे कोणाला जिंकता न येणारा ना? मग औरंगजेबाने कसा घेतला?” या प्रश्नास बगल देणारे शिक्षक मी पाहिले आहेत. त्यास सरळ उत्तर द्यावे. गड एकाहून अधिक वेळा घेतला गेला. नाव हे वर्णन नसून नाव ठेवणाऱ्यांची इच्छा असते. आणि साडेचार महिने बादशहास अडवून धरणारी माणसे हरली म्हणून लहान होत नाहीत. तसेच वर्गात सर्व जातिधर्मांची मुले बसलेली आहेत याचे भान सांगताना असू द्यावे. त्या ढिगाऱ्याखाली दोन्ही बाजूंची माणसे मेली. ती कोणाची तरी मुले होती, एवढे सांगितले तरी मुलांस कळते. आणखी एक. प्रत्येक गडावर कोणी ना कोणी भुयाराची गोष्ट सांगतोच. ऐकावी, हसावे, आणि मुलांस विचारावे : “हे तुम्ही खरे कसे ठरवाल?”

आता पाण्याचा तो प्रश्न. गडावरील तळ्याशी, कडेपासून सुरक्षित अंतरावर, मुलांस बसवावे. लांबी-रुंदी पावलांनी मोजणे शक्य असेल तर शिक्षकाने स्वतः मोजून सांगावी. मग पाचवी ते सातवीच्या मुलांस पुढील उदाहरण घालावे. समजा, गडावर ५०० माणसे आहेत व प्रत्येकास पिण्यास आणि स्वयंपाकास मिळून दररोज ५ लिटर पाणी लागते. वेढा १३५ दिवस चालला. एकूण पाणी किती? उत्तर ३,३७,५०० लिटर. १५ मीटर लांब, १० मीटर रुंद व सव्वादोन मीटर खोल टाक्यात ते बरोबर मावते. आकडे आपण कल्पिलेले आहेत हे मुलांस स्पष्ट सांगावे. पद्धत खरी आहे. मग विचारावे, वेढा डिसेंबर ते एप्रिल असा होता, त्या काळात पाऊस किती पडतो? टाक्यातील काही पाणी उन्हाने उडून जात नसेल काय? घोडी व गुरे यांचे काय? त्याच रीतीने धान्य काढावे. माणशी रोज अर्धा किलो धरल्यास ३३,७५० किलो होते, म्हणजे जवळजवळ ३३८ क्विंटल. बैलगाडीत दहा क्विंटल मावतात असे धरले तर ३४ गाड्या. ते धान्य डोंगरावर बैलांच्या पाठीवरून व माणसांच्या डोक्यावरून चढवावे लागले असणार. पाणी आकाशातून येते, धान्य येत नाही. तटास भगदाड पडूनही न पडलेला गड रिकाम्या कोठारापुढे का पडला, हे मुलांस अशा हिशेबाने जितके उमजते तितके माझ्या कोणत्याही भाषणाने उमजलेले नाही. दुष्काळी माण-खटाव, जत-आटपाडीच्या मुलांस तर ते सांगावेही लागत नाही.

वेळ उरल्यास तटावरून, कडेपासून दहा पावले आत उभे राहून, दिशा दाखवाव्यात. उत्तरेस खाली सातारा शहर, पश्चिमेस यवतेश्वर, नैर्ऋत्येस सज्जनगड, पूर्वेस जरंडेश्वर आणि माहुलीकडे कृष्णा-वेण्णेचा संगम. सज्जनगडाचे तेव्हाचे नाव परळी. सातारा पडल्यावर मोगलांनी लगेच परळीस वेढा घातला व जूनमध्ये तोही घेतला. एका गडावरून दुसरा दिसतो याचा वेढ्याच्या काळी काय उपयोग झाला असेल, हा प्रश्न मुलांवर सोपवावा.

सहलीच्या दिवसाची व्यवस्था थोडक्यात सांगतो. आठ-आठ मुलांचे गट करावेत व प्रत्येक मुलास एक जोडीदार द्यावा. जोडीदार दिसेनासा झाला की तत्काळ शिक्षकांस सांगणे एवढेच त्याचे काम. गाडीत चढताना, गडाच्या दरवाजात, जेवणापूर्वी, उतरण्यापूर्वी व पुन्हा गाडीत अशी पाच वेळा मोजणी करावी. ती नावे वाचून करावी, डोकी मोजून नव्हे. एक शिक्षक सर्वांच्या पुढे व एक सर्वांच्या मागे असावा, आणि मागच्याने कोणत्याही कारणास्तव पुढे जाऊ नये. मुली असल्यास शिक्षिका किंवा एखादी माता-पालक सोबत हवीच. वाट चुकल्यास जेथे आहात तेथेच बसून राहा व शिट्टी वाजवा, असे मुलांस आदल्या दिवशी सांगावे आणि प्रत्येक गटप्रमुखाच्या गळ्यात शिट्टी असावी. प्रथमोपचाराच्या पेटीत पट्ट्या, कापूस, जंतुनाशक व जलसंजीवनीची पाकिटे असावीत. कोणास दमा किंवा फिट्सचा त्रास आहे याची यादी पालकांस विचारून करावी. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक सर्व शिक्षकांस पाठ असावा. भ्रमणध्वनीवर छायाचित्रे काढण्याचे काम एकाच शिक्षकाने करावे. तटावर छायाचित्रासाठी उभे राहण्यास मुलांस व (हे मुद्दाम लिहितो) शिक्षकांसही मनाई असावी. शिदोरीस भाकरी, शेंगदाण्याची चटणी व गूळ उत्तम. पिशव्या व कागद परत आणावे. भिंतीवर नाव कोरणारा मुलगा दिसला तर त्यास ओरडण्याऐवजी त्याच्याकडून एखाद्या चिऱ्याची लांबी-रुंदी मोजून घ्यावी. तो गुंततो.

परत आल्यावर निबंधाची घाई करू नये. ‘आमची सहल’ हा निबंध मुले सहलीस न जाताही लिहितात. त्याऐवजी शाळेच्या आवारातील तो मातीचा किल्ला पुन्हा पाहावयास सांगावा व त्यात काय चुकले ते त्यांनीच दुरुस्त करावे. एका शाळेत दुसऱ्याच दिवशी मुलांनी पायथ्याचे तळे बुजवून वर एक वाटी पुरली आणि शेजारी ज्वारीचे दाणे भरलेली काडेपेटी ठेवली. सहलीच्या अहवालास त्या किल्ल्याचे चित्र जोडलेले होते. तो अहवाल अर्ध्या पानाचा होता आणि मला तो पुरेसा वाटला.

पूर्वभेटीची वही सहल झाली म्हणून टाकून देऊ नये. गडाचे नाव, भेटीची तारीख, चढण्यास लागलेला वेळ, पाण्याची स्थिती, धोक्याच्या जागा व नकाशा असलेली ती पाने पुढील केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेस आणावीत. केंद्रप्रमुखांनी त्यांची एक प्रत केंद्रशाळेत ठेवावी, म्हणजे पुढल्या वर्षी त्याच गडावर जाणाऱ्या नव्या शिक्षकास ती हाताशी असेल. त्याने ती वाचावी, आणि तरीही एकदा स्वतः जाऊन यावे. वर्षभरात मोहोळे जागा बदलतात, पायऱ्या ढासळतात व टाकी आटतात. सहलीचे अर्ज पाठविताना त्या पानांची प्रत सोबत जोडल्यास परवानगीस विलंब होणार नाही, याची काळजी मी घेईन.